टेरीकॉटचा शर्ट आणि मोशेची आज्ञा

कपाटातला रोजच्या वापरातला एक शर्ट काढा आणि कॉलरच्या आत शिवलेली बोटभर पट्टी वाचा. पुष्कळदा तिथे दोन आकडे सापडतील: पॉलिएस्टर 65 टक्के, कॉटन 35 टक्के. कधी 67 आणि 33. आपण याला टेरीकॉट म्हणतो. धुवायला सोपं, इस्त्रीची कटकट कमी, खिशाला परवडणारं. अशा जातीची कापडं भिवंडीत रात्रंदिवस विणली जातात. मुंबई-नाशिक रस्त्यावरून गावात वळलं की माणसाच्या आधी मागांची खडखड भेटते.

आता हाच शर्ट घालून एखादा ख्रिस्ती माणूस रविवारी उपासनेला गेला, आणि हातातल्या बायबलमधलं ‘लेवीय’ हे तिसरं पुस्तक त्याने उघडलं. 19व्या अध्यायाच्या 19व्या वचनात त्याला ताकीद दिसते की दोन प्रकारच्या धाग्यांचं मिश्र कापड अंगावर घालायचं नाही. त्याच अध्यायात आठ वचनं वर चोरीला मनाई आहे. चोरीची मनाई तो मनापासून मानतो. कापडाच्या मनाईकडे त्याचं लक्षही जात नाही. घरी गेल्यावर तो कोळंबीचं कालवण जेवतो, आणि त्याच पुस्तकाच्या 11व्या अध्यायात पंख आणि खवले नसलेलं जलचर खाऊ नये असं लिहिलेलं आहे.

मग शेजारचा, ऑफिसातला किंवा स्वतःचाच कॉलेजात जाणारा मुलगा विचारतो, “म्हणजे सोयीचं तेवढं पाळायचं?” हा प्रश्न ख्रिस्ती माणसाला आयुष्यात एकदा तरी ऐकावा लागतो, आणि बहुतेक जण “ते जुन्या करारातलं आहे” एवढं म्हणून वेळ मारून नेतात. उत्तर चुकीचं नाही, पण अपुरं आहे. कारण दहा आज्ञाही जुन्या करारातल्याच आहेत.

डब्यांवरच्या चिठ्ठ्या

मराठी बायबलात मोशेच्या या सगळ्या आज्ञांना मिळून ‘नियमशास्त्र’ हा शब्द आहे. यहुदी परंपरेने त्यांची मोजदाद 613 अशी केली आहे. त्यात 248 ‘हे करा’ आणि 365 ‘हे करू नका’. दहा आज्ञा हा या मोठ्या ढिगाचा एक भाग.

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या धर्मपंडिताने या ढिगाचे तीन भाग केले: नीतीचे नियम, उपासनेचे विधिनियम आणि इस्राएल राष्ट्राचे न्यायनिवाड्याचे नियम. 1640च्या दशकात लंडनला तयार झालेल्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्रानेही हीच विभागणी घेतली. विधिनियम ख्रिस्तात पुरे झाले, राष्ट्राचे नियम ते राष्ट्र गेल्यावर संपले, नीतीचे नियम मात्र सर्वांना लागू आहेत, असं हे उत्तर. मराठी ख्रिस्ती घरांतही ते कळत-नकळत रुजलेलं आहे.

उत्तर कामाचं आहे, पण एक अडचण आहे. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर आपण ‘तूरडाळ’, ‘साखर’ अशा चिठ्ठ्या लावतो, तशा या तीन चिठ्ठ्या नंतर लावलेल्या आहेत. मूळ मजकूर काही वेगळे डबे करत नाही. लेवीय 19च पाहा. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा, जी येशूने पुढे सर्वांत मोठ्या दोन आज्ञांमध्ये धरली, ती 18व्या वचनात आहे. तिला अगदी खेटून 19व्या वचनात मिश्र कापड. जणू अख्ख्या बायबलातला कोहिनूर काढून ठेवला आणि त्याच्या शेजारी शिंप्याची टेप ठेवली. लिहिणाऱ्याला यात काही विसंगत वाटलेलं दिसत नाही.

तेव्हा चिठ्ठी वाचण्यापेक्षा प्रत्येक नियमाला सरळ विचारावं, बाबा रे, तुझं काम काय होतं, आणि ते झालं का?

मिश्र कापड वाईट नव्हतंच

हा प्रश्न कापडाच्या नियमाला विचारला की मजा येते. ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 22व्या अध्यायात हाच नियम पुन्हा येतो आणि तिथे धागे नेमके सांगितले आहेत: लोकर आणि ताग, म्हणजे जवसाच्या झाडापासून काढलेलं तलम सूत. यहुदी आचारात आजही बंदी एवढ्याच जोडीला आहे. सुती-पॉलिएस्टर मिश्रणाला कडव्यातला कडवा यहुदीही हरकत घेणार नाही. म्हणजे भिवंडीचा टेरीकॉट तसाही सुटलाच.

पण हीच जोडी का? ‘निर्गम’ पुस्तकाच्या 28व्या अध्यायात याजकांच्या पोशाखाचं वर्णन आहे. मुख्य याजकाचं एफोद नावाचं वस्त्र निळ्या, जांभळ्या, किरमिजी रंगवलेल्या सुतात आणि तलम तागाच्या सुतात मिळून विणायचं होतं. रंगवलेलं सूत म्हणजे लोकर, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जोसेफस तर स्पष्ट सांगतो की लोकर-तागाचं कापड सामान्यांना मना होतं, कारण ते याजकांसाठी राखलेलं होतं.

म्हणजे ते मिश्रण घाण म्हणून वर्ज्य नव्हतं, ते पवित्र म्हणून राखीव होतं. शेतात नांगर धरणाऱ्या माणसाच्या अंगावर ते आलं तर पवित्रस्थान आणि अंगण यांतली रेघ पुसली गेली असती. रोज अंगात कपडा चढवताना त्या माणसाला आठवण व्हायची की देव पवित्र आहे आणि त्याच्याजवळ कसंही, केव्हाही, कुणीही जाऊ शकत नाही.

ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे येशूच्या मरणाच्या वेळी ती रेघच संपली. मत्तयाच्या शुभवर्तमानात त्या क्षणी मंदिराचा पडदा वरपासून खालपर्यंत फाटल्याची नोंद आहे, आणि पेत्राच्या पहिल्या पत्रात सगळ्या विश्वासणाऱ्यांनाच याजकवर्ग म्हटलं आहे. सगळेच याजक झाल्यावर याजकाच्या कापडाची राखीव जागा उरणार कशी?

घर बांधताना पाहिलंय ना? स्लॅब टाकायच्या आधी खाली सेंटरिंग ठोकतात. फळ्या, पत्रे, बांबूंचे टेकू. तेव्हा त्यातला एक टेकू जरी कुणी काढला तर मुकादम अंगावर धावून येतो. काही दिवसांनी स्लॅब धरला की तोच मुकादम सगळे टेकू स्वतः काढायला लावतो. टेकू खोटे नव्हते आणि मुकादमाने मतही बदललं नाही. खांबांना मात्र कुणी हात लावत नाही. येशूचा प्रेषित पौल याची उपमा वेगळी आहे. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात तो नियमशास्त्राला ‘बालरक्षक’ म्हणतो. ग्रीक घरांत मुलाचा हात धरून त्याला शाळेत नेऊन सोडणारा एक गुलाम असे, तो हा. मूल मोठं झाल्यावरही त्याचा हात धरून चालणं कुणाला शोभत नाही.

शनिवार तेली आणि लक्ष्मीबाईंचं सोवळं

आपल्या कोकणात हे नियमशास्त्र पुस्तकातून नव्हे, अंगवळणातून जगलेली माणसं होती. बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी. तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. अठराव्या शतकात कोचीनहून आलेल्या डेव्हिड रहाबी नावाच्या यहुद्याने त्यांची पारख कशी केली याची कथा ते सांगत आले आहेत. त्याने बायकांपुढे निरनिराळे मासे ठेवले आणि त्यांनी खवले नसलेले मासे बाजूला काढले. ग्रंथ जवळ नव्हता, हिब्रू विसरली होती, पण लेवीयाचा 11वा अध्याय हाताला ठाऊक होता! भिवंडीजवळच्या ठाण्यात त्यांचं 1879 सालचं ‘शार हशामाईम’ सिनेगॉग आजही उभं आहे.

विधिनियमांचं काम हेच. ते एका लोकसमूहाला हजारो वर्षं, हजारो मैलांवर वेगळा ठेवतात. यहुदी माणसाच्या दृष्टीने ते काम संपलेलं नाही, म्हणून तो ते पाळतो, आणि त्यात तो सुसंगत आहे. पहिल्या ख्रिस्ती मंडळीपुढे वेगळाच पेच होता. यहुदी नसलेले लोक येशूवर विश्वास ठेवू लागले होते. त्यांना आधी यहुदी करायचं का? त्यांची सुंता करायची का? इ.स. 49च्या सुमारास यरुशलेमेत यावर सभा भरली. तिची हकिगत ‘प्रेषितांची कृत्ये’च्या 15व्या अध्यायात आहे. निर्णय झाला की सुंतेची सक्ती नाही. मूर्तीला वाहिलेलं अन्न, रक्त, गुदमरून मारलेलं मांस आणि जारकर्म, एवढ्यांपासून मात्र दूर राहावं.

त्याआधी येशूचा शिष्य पेत्र याला जे शिकावं लागलं ते मराठी वाचकाला कुठल्याही युरोपियनापेक्षा लवकर कळेल. यापो गावी त्याला दृष्टान्त झाला. आकाशातून चादर उतरली, तिच्यात सगळे वर्ज्य प्राणी, आणि ‘खा’ अशी आज्ञा. पेत्र कानावर हात ठेवतो. लगेच खाली दारात कर्नेल्य नावाच्या रोमी शताधिपतीची माणसं उभी. मग पेत्राला उलगडतं की विषय ताटाचा नव्हता, माणसाचा होता. ज्याला तो ओवळा समजत होता त्याच्या घरात त्याला पाऊल टाकायचं होतं.

‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र वाचलेल्यांना इथे लक्ष्मीबाई टिळक आठवतील. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई दुरावल्या, नंतर पुन्हा नवऱ्याकडे आल्या, तरी स्वयंपाक, पाणी, शिवाशीव यांचे नियम त्यांनी निकराने सांभाळले. मग एक दिवस त्यांच्याच मनात विचार उठला की या जाती देवाने केल्या की माणसाने? तिथून त्यांचं सोवळं सुटलं. कुणी उपदेश करून ते सुटलं नाही हे त्या प्रसंगात मला फार मोलाचं वाटतं. मोशेचा विधिनियम आणि आपलं सोवळं एकच नव्हेत. पहिल्याला ख्रिस्ती माणूस देवाने दिलेली तात्पुरती व्यवस्था मानतो, दुसऱ्याला मानत नाही. पण पेत्र आणि लक्ष्मीबाई ज्या उंबरठ्यावर अडखळले त्याची उंची सारखीच होती.

आधी सुटका, मग आज्ञा

आता खांबांकडे येऊ. टेकू गेले, खांब राहिले. पण राहिलेल्या आज्ञांचा ख्रिस्ती माणसाला उपयोग काय? आज्ञा पाळून तारण मिळत नाही, ते कृपेने मिळतं, असं तोच तर सांगतो. मग पाळायच्या कशाला?

उत्तराची किल्ली ‘निर्गम’ पुस्तकाच्या क्रमात आहे. मिसरातून सुटका 12 ते 14 या अध्यायांत होते. दहा आज्ञा 20व्या अध्यायात येतात. देवाने गुलामांना यादी देऊन ‘एवढं पाळून दाखवा, मग सोडवतो’ असं म्हटलं नाही. आधी समुद्र पार करवला, मग सीनाय डोंगराशी थांबवून सांगितलं. आज्ञांची सुरुवातसुद्धा ‘मी तुम्हाला बाहेर काढलं’ या आठवणीने होते, आणि यहुदी मोजणीत तेच पहिलं वचन धरतात.

आपल्याकडे यासाठी एक नेमका शब्द आहे, वळण. दत्तक घेतलेल्या मुलाचं उदाहरण घ्या. कागदपत्रं झाली, मूल घरी आलं. आता त्या घरचं वळण त्याला लागतं. इथे खोटं बोललेलं चालत नाही, पाहुण्याला उपाशी पाठवत नाहीत, ताटात टाकत नाहीत. हे शिकल्यामुळे ते त्या घरचं झालं नाही. त्या घरचं झालं म्हणून हे शिकतं. आणि चुकलं तर त्याला अनाथाश्रमात परत सोडत नाहीत, रागे भरतात आणि पुन्हा शिकवतात.

येशूच्या उधळ्या मुलाच्या गोष्टीत सगळ्यांना धाकटा आठवतो. मला थोरला जास्त बोलका वाटतो. त्याने एकही आज्ञा मोडलेली नाही. पण भाऊ परत आल्यावर तो बापाला जे सुनावतो त्यातून कळतं की इतकी वर्षं तो घरात मुलगा म्हणून नव्हताच, तो पगाराची वाट बघत राबत होता. नियम तेच, शेत तेच, बापही तोच. फक्त वळणाची वेठ झाली होती.

पंडिता रमाबाईंनीही आपल्याबद्दल असंच काहीसं लिहून ठेवलं आहे. 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर काही वर्षांनी त्यांना जाणवलं की आपल्याला ख्रिस्ताचा धर्म सापडला, पण ख्रिस्त सापडायचा राहिला. हे लिहिणाऱ्या बाई पुराणं मुखोद्गत असलेल्या, पुढे मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल एकटीने मराठीत आणणाऱ्या. नियमांची त्यांना काय कमतरता होती?

चेकिंगचं टेबल आणि फणी

सोळाव्या शतकात युरोपातल्या धर्मसुधारकांनी या प्रश्नावर खूप डोकं चालवलं. मेलांखथोन आणि त्यानंतर कॅल्व्हिन यांनी नियमशास्त्राचे तीन उपयोग सांगितले. पुस्तकांत त्यांना आरसा, लगाम आणि दिवा म्हणतात. भिवंडीत बसून लिहायचं तर मी मागाकडूनच उपमा घेईन.

विणून झालेला ताका तपासणीला येतो तेव्हा तो प्रकाशावर धरून पुढे सरकवतात. तुटलेला धागा, भोक, तेलाचा डाग, सगळं उघडं पडतं. प्रकाश फक्त दाखवतो, भोक बुजवत नाही. नियमशास्त्राचं पहिलं काम हे. रोमकरांस पत्राच्या 7व्या अध्यायात पौल सांगतो की लोभाची मनाई वाचली नसती तर लोभ म्हणजे काय ते मला कळलंच नसतं. दहाव्या आज्ञेची गंमत बघा. चोरी पोलिसांना पकडता येते, खोटी साक्ष कोर्टाला. शेजाऱ्याचं घर पाहून माझ्या मनात जे होतं ते कोण पकडणार? ज्या यादीत असा एक नियम आहे ती यादी नुसती फौजदारी कायद्याची नाही. ती मनापर्यंत पोहोचते, आणि तिथे कुणीच पास होत नाही. टेबलावरचा प्रकाश बघून ज्याला आपलं भोक दिसलं तो रफूवाला शोधतो. ख्रिस्ती शिकवणीत तो रफूवाला म्हणजे ख्रिस्त.

दुसरं काम छोटं आहे. मागावर बाण्याचा धागा तुटला की माग थांबवणारा एक बारका काटा असतो. तो चांगलं कापड विणत नाही, पण पुढचं नुकसान टाळतो. शिक्षेच्या भीतीने का होईना, माणूस खून करायचा थांबला तर समाजाचं भलंच होतं. एवढंच.

तिसऱ्या कामावर खरा वाद झाला. या सुधारकांचा म्होरक्या मार्टिन लूथर याच्याच गावचा, त्याचाच एकेकाळचा सहकारी योहान आग्रिकोला म्हणू लागला की ज्याच्यावर कृपा झाली त्याला नियमशास्त्र शिकवायचं कारणच नाही. लूथर खवळला. 1529 साली त्याने घरोघरी शिकवण्यासाठी जी छोटी प्रश्नोत्तरी छापली होती तिचं पहिलं प्रकरणच दहा आज्ञांचं होतं. 1563 सालच्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीने मात्र आज्ञांची जागा हलवली. तिचे तीन भाग आहेत: माणसाची दुर्दशा, त्याची सुटका आणि त्याची कृतज्ञता. दहा आज्ञांचं स्पष्टीकरण तिसऱ्या भागात आहे. मला विचाराल तर या प्रश्नावर लिहिलेल्या जाड ग्रंथांपेक्षा ही अनुक्रमणिका जास्त सांगून जाते. आज्ञा कुठे छापता त्यावरून तुम्ही त्यांना काय समजता ते कळतं.

फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1616 साली गोव्यात रायतूरला छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’तही क्रम बोलका आहे. मराठीतल्या सुमारे अकरा हजार ओव्यांचे दोन भाग. पहिल्या पुराणात सृष्टीपासून मोशे आणि संदेष्टे, दुसऱ्यात ख्रिस्त. ऐकणाऱ्याने आधी वाट पाहायची, मग भेट.

तर तिसरं काम फणीचं. ताण्याचे हजारो धागे फणीच्या दातांतून ओवलेले असतात. दोन धाग्यांत अंतर किती, कापडाचा पन्हा किती, हे फणी ठरवते. धोटा बाणा टाकून गेला की फणीच त्याला ठोकून जागेवर बसवते. फणी काढून टाकली तर धाग्यांना मोकळीक मिळेल हे खरं, पण कापड मिळणार नाही, गुंता मिळेल. ‘प्रेम करा’ एवढंच सांगून भागत नाही, कारण प्रेमाच्या नावाखाली माणूस काहीही करतो. प्रेमाचा पन्हा किती, तो आज्ञा सांगतात. आईबापांचा मान, दुसऱ्याचा जीव, दुसऱ्याचं लग्न, दुसऱ्याची वस्तू, दुसऱ्याची अब्रू. पौल रोमकरांस पत्राच्या 13व्या अध्यायात यांतल्या काही आज्ञा मोजून दाखवतो आणि त्यांची बेरीज शेजारप्रीती अशी मांडतो.

चौकट: सहावी की सातवी?

वसईचा कॅथलिक मुलगा आणि अहिल्यानगरचा प्रॉटेस्टंट मुलगा शाळेत एका बाकावर बसले की एक भांडण ठरलेलं. व्यभिचाराची मनाई एकाच्या मते सहावी, दुसऱ्याच्या मते सातवी. दोघंही बरोबर असतात. बायबल ‘दहा’ म्हणतं, पण क्रमांक घालत नाही. संत ऑगस्टीनच्या मोजणीत इतर दैवतांची आणि मूर्तींची मनाई मिळून एक आज्ञा होते, आणि शेवटी लोभाच्या दोन होतात. कॅथलिक आणि लूथरन ही मोजणी वापरतात. कॅल्व्हिनच्या वाटेने गेलेल्या आणि अँग्लिकन मंडळ्या मूर्तींची मनाई वेगळी धरतात आणि लोभ एकच ठेवतात. यहुदी मोजणी तिसरीच. मजकूर तिघांचा एकच.

वीज गेल्यावर

मागाची उपमा इथे थांबवली तर अर्धीच राहील. फणी कितीही सरळ असो, ती स्वतः हलत नाही. भिवंडीत हे कुणाला समजावून सांगायला नको. वीज गेली की अख्ख्या गल्लीत एकदम शांतता पसरते, कामगार बाहेर ओट्यावर येऊन बसतात आणि आत ताणा, धोटा, फणी सगळं जागच्या जागी असूनही एक इंच कापड निघत नाही.

नियमशास्त्राची मर्यादा तीच आहे. ते चांगलं काय ते सांगतं, चांगलं होण्याची ताकद देत नाही. यिर्मया संदेष्ट्याने जी आशा धरली होती ती याच जागेची, की नियम दगडी पाटीवरून उतरून हृदयावर लिहिला जाईल. ख्रिस्ती शिकवणीप्रमाणे हे काम पवित्र आत्मा करतो. अक्वायनसने तर म्हटलं की नव्या कराराचा नियम म्हणजे मुख्यतः पवित्र आत्म्याची कृपाच, लिहिलेले शब्द त्यानंतर.

टिळकांचं उदाहरण याच जागी बसतं. भिवंडीशेजारच्या कल्याणात त्यांच्या बालपणाची काही वर्षं गेली. 1893 साली राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. टिळक तो नेटाने वाचत गेले आणि मत्तयाच्या 5 ते 7 अध्यायांत, डोंगरावरच्या प्रवचनात, अडकले. त्या प्रवचनात येशू नियमशास्त्र सैल करत नाही, उलट आणखी आवळतो. खून तर नाहीच, राग आणि अपशब्दसुद्धा हिशेबात. असं कठीण प्रवचन वाचून माणसाने पुस्तक मिटायला हवं. टिळक ओढले गेले. नियम सांगणाऱ्याने तो स्वतः जगून दाखवलेला असला की ऐकणाऱ्याला तो जाचत नाही, हे त्याचं कारण असावं.

लेवीय 19, भिवंडी

शेवटी पुन्हा त्याच अध्यायाकडे. त्यात एकूण 37 वचनं आहेत, मोठ्याने वाचायला पाच मिनिटं लागतात. मिश्र कापडाला एका वचनाचा शेवटचा तुकडा मिळालाय. बाकीचं काय आहे ते भिवंडीच्या रस्त्यावर उभं राहून वाचावं. 9 आणि 10 या वचनांत शेताच्या कडेचं पीक आणि द्राक्षमळ्यातली गळ गरिबांसाठी आणि परक्यांसाठी सोडायला सांगितलं आहे. 13व्या वचनात रोजंदारीवाल्याची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवायची नाही असं आहे. 14व्यात आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवायला मनाई. 33 आणि 34 या वचनांत परदेशातून येऊन राहिलेल्याला आपल्यातलाच समजून त्याच्यावर स्वतःसारखी प्रीती करायची आज्ञा आहे, कारण तुम्हीही मिसरात परके होता. 35 आणि 36 मध्ये लांबी, वजन आणि माप खरं ठेवा असं सांगितलं आहे.

भिवंडीत मागावर मजुरी मीटरवर मोजतात. ते मीटर विणणाऱ्यांत उत्तर प्रदेश-बिहारहून आलेले आहेत, तेलंगणातून पिढ्यांपूर्वी आलेले पद्मशाली आहेत. त्यांना ‘बाहेरचे’ म्हणणारेही आहेतच. लांबीचं माप, कामगाराची मजुरी आणि परका माणूस, एका अध्यायातले तीन नियम एकाच कारखान्यात भेटतात. यांतलं एकही काम सेंटरिंगसारखं संपलेलं नाही. पन्नास किलोमीटरच्या आत वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस हरित वसईची चळवळ उभी केली, जमिनी आणि पाणी लुटणाऱ्यांविरुद्ध लोकांना रस्त्यावर आणलं. कॅथलिक धर्मगुरूने हे का करावं, असं तेव्हा विचारणारे होते. त्यांनी लेवीय 19 वाचलेलं नसावं.

आणि इथे माझी ख्रिस्ती वाचकांकडेच एक तक्रार आहे. मिश्र कापड चालतं का, टॅटू चालतो का, कोळंबी चालते का, यावर आपण सभा-संमेलनांत तासन्‌तास बोललो आहोत. मजुरीच्या वचनावरचं प्रवचन मी आजवर फार थोड्या वेळा ऐकलं. सोपा अर्धा भाग चर्चेला घ्यायचा आणि कठीण अर्ध्यावरून पान उलटायचं, यालाच सोयीचं तेवढं पाळणं म्हणतात. शर्टाबद्दल आपल्याला विचारणारा मुलगा प्रश्न बरोबर विचारत होता, फक्त वचन चुकीचं धरून.

कुठले नियम टेकू होते आणि कुठले खांब, हे ओळखायला नवा करार स्वतःच एक साधी खूण देतो: खांब तो पुन्हा सांगतो. मिश्र कापडाचा उल्लेख नव्या करारात कुठेही नाही. अडवलेल्या मजुरीचा आहे, याकोबाच्या पत्राच्या 5व्या अध्यायात, 4थ्या वचनात.